सुभेदार आणि अठरा अध्याय

दाखलेरावांनी "मी वाचेन" हे दोन शब्द उच्चारले, तेव्हा कुत्र्याचा विषय निघालाच नव्हता. हे आधी नोंदवून ठेवलेलं बरं. पुढे कॉलनीत जो तो म्हणायला लागला, की यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पण हात दाखवला तेव्हा समोर फक्त एक आंधळा होत चाललेला म्हातारा होता, आणि त्याच्यासाठी रोज पाऊण तास वाचायचं होतं. एवढ्याला कुणी अवलक्षण म्हणत नाही.

दाखलेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पालिकेत जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसून सत्तावीस वर्षं ते लोकांना दाखले देत आले होते, आणि खिडकी बंद झाली की ग्रंथातले दाखले द्यायला लागत. कुणाची बढती हुकली, कुणाचा नळ गळला, कुणाचं लग्न मोडलं, दाखलेरावांकडे अठरापैकी कुठला तरी अध्याय तयार असे. जो रोज उजव्या हातानं जन्माची नोंद करतो आणि त्याच हातानं मृत्यूची, त्याला आत्म्याचं अमरत्व निराळं शिकवावं लागत नाही, असं ते स्वतःच म्हणत. रविवारच्या वाचनमंडळात शेवटचा शब्द त्यांचा असे. मधले बरेचसेही त्यांचेच असत.

तर त्या रविवारी मंडळात बातमी आली, की गल्लीच्या टोकाच्या बैठ्या घरातल्या हेडमास्तरांचा एक डोळा गेला, आणि दुसऱ्याचं ऑपरेशन एकोणिसाव्या दिवशी ठरलंय. त्याआधी अख्खा ग्रंथ एकदा ऐकावा असं त्यांच्या मनात आहे. मुलगी प्रयोगशाळेत कामाला, सकाळी सातला बाहेर पडते. रोज एक अध्याय कुणी वाचून दाखवेल का? सगळ्यांनी दाखलेरावांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी त्यांना शाळेत चार वर्षं शिकवलं होतं, शिवाय 'निर्भय माणूस' या विषयावर ते नुकतेच वीस मिनिटं बोलून बसले होते. ते म्हणाले, "मी वाचेन." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला पोथी छातीशी धरून ते फाटक उघडून आत शिरले, आणि सोळा पावलांच्या त्या अंगणात चौथ्या पावलाला थांबले. पायरीवर कुत्रा होता. कमरेइतका उंच, काळाभोर, छातीवर आडवा पिवळा पट्टा. त्या पट्ट्यामुळेच त्याचं नाव सुभेदार पडलं होतं. दाखलेरावांना लहानपणापासून कुत्र्याची भीती, आणि ती साधीसुधी नव्हे. टेलिफोनवर पलीकडे कुत्रा भुंकला तरी ते रिसीव्हर कानापासून लांब धरत. भुंकणारा कुत्रा चावत नाही म्हणतात. सुभेदार भुंकला नाही. जो भुंकत नाही त्याचं काय, याबद्दल म्हण गप्प आहे.

आतून हेडमास्तरांची हाक आली, की दार लोटलेलंच आहे, ये. दाखलेराव उरलेली बारा पावलं कशी चालले ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. खुर्चीत बसले तेव्हा पोथी उलटी धरलेली होती.

पहिला अध्याय त्यांनी मंडळात किमान तीस वेळा वाचला असेल. दोन सैन्यांमध्ये रथ उभा राहतो, आणि एवढा मोठा धनुर्धर, पण त्याचे हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो, धनुष्य हातातून निसटतं. हा भाग दाखलेराव नेहमी जरा दटावणीच्या सुरात वाचत. आज मात्र आपलीच तब्येत कुणीतरी लिहून ठेवावी तसं त्यांना झालं. सुभेदार येऊन त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर बसला होता आणि त्यांच्या पोटरीकडे बघत होता. 'मला उभंही राहवत नाही' या ओळीला दाखलेरावांचा आवाज असा काही कापला, की हेडमास्तर मान पुढे करून ऐकायला लागले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तिकडे एवढी सैन्यं उभी होती, इथे एक कुत्रं आहे. ती त्यांची टिंगल करत होती असं नाही. तिला हिशेब समजत नव्हता इतकंच.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. सल्ल्याला कॉलनीत कधी तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन या विषयातले जाणकार. त्यांनी विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाच व्रण दाखवले आणि प्रत्येक व्रणाचा पिनकोड सांगितला. त्यांचं म्हणणं असं, की कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, पाठ दाखवायची नाही आणि हातात छत्री ठेवायची. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, बिस्किटं न्या, म्हणजे तो जवळ येईल. जवळ येईल हीच तर अडचण होती, पण काकूंना ती पटवून देता येईना. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं, कुणी न विचारता, चावल्यानंतर काय काय होतं ते क्रमवार सांगितलं. पूर्वी पोटात चौदा सुया देत, आता दंडात थोड्याच देतात, पण वेळेत गेलं पाहिजे. एकदा का माणूस पाण्याला घाबरायला लागला की मग औषध नाही. त्या संध्याकाळी दाखलेरावांनी पेलाभर पाणी समोर ठेवलं आणि आपण घाबरतोय का ते बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी छत्री नेली. फाटकातच ती खटका दाबून उघडली. सुभेदाराला हा खेळ वाटला असावा. त्यानं एका झेपेत छत्रीचं टोक धरलं, दाखलेरावांच्या हातून ती काढून घेतली, आणि रुबाबात आत नेऊन हेडमास्तरांच्या पायाशी ठेवली. मग दुसरा अध्याय संपेपर्यंत तो तिचं कापड सोलत बसला. जुनं वस्त्र टाकून माणूस नवं घेतो, तसा आत्मा जुना देह टाकतो, इथवर दाखलेराव आले तेव्हा छत्रीच्या काड्या उघड्या पडल्या होत्या. हा दाखला त्यांनी आजवर शेकडो लोकांना दिला होता. खिडकीवर मृत्यूच्या नोंदीला आलेल्यांनाही दिला होता, अर्ज भरता भरता. आपल्या पोटरीच्या बाबतीत तो लागू करावा असं मात्र त्यांना क्षणभरही वाटलं नाही. उलट हा देह, त्याच्या सगळ्या जुनाटपणासकट, फार चांगल्या कापडाचा आहे असं वाटायला लागलं.

न जावं, तर मंडळात काय तोंड दाखवायचं? आणि जावं, तर सोळा पावलं. तिसऱ्या रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी, वाचन उरकून कार्यालयात गेल्यावर, त्यांना एक साधी गोष्ट सुचली. पालिकेत श्वान परवाना विभाग होता. त्यांच्याच इमारतीत, दोन जिने वर. सुभेदाराला लस टोचली आहे की नाही, एवढंच विचारायचं. यात कुणाचं काय वाईट होतं?

त्या विभागाच्या खिडकीवर एक सडपातळ कारकून होता. त्यानं दाखलेरावांना ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. दाखलेरावही आपल्या खिडकीवर तेच करत, त्यामुळे त्यांना त्याला काही बोलता येईना. कारकून म्हणाला, तोंडी चौकशीला उत्तर देत नाही, अर्ज करा. अर्जात 'चावा झाला असल्यास त्याचा दाखला जोडा' असं होतं. चावा झालेला नाही, असं दाखलेरावांनी सांगितलं. कारकून म्हणाला, मग चावा झाल्यावर या. सत्तावीस वर्षं खिडकीच्या आतून जे ऐकवलं, ते आज बाहेरून ऐकताना दाखलेरावांचे कान तापले. त्यांनी अर्जाच्या 'कारण' या रकान्यात 'भीती' असं लिहिलं.

कारकुनानं ते खोडलं. भीती यादीत नाही, म्हणाला. यादीत चावा, ओरखडा, पाठलाग, पिसाळल्याचा संशय आणि इतर एवढंच होतं. 'इतर'ला साहेबांची सही लागे आणि साहेब रजेवर होते. मागे रांग वाढत होती. कारकुनानं स्वतःच 'संशय' या शब्दापुढे खूण केली आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. दाखलेरावांनी विचारलं, नाव कळणार नाही ना कुणाला? नाव पूर्ण गुप्त राहील, असं आश्वासन मिळालं. त्यांनी सही केली. माणूस घाबरला की कुठेही सही करतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ठाऊक असणं निराळं.

पाचव्या दिवशी पाचवा अध्याय. त्यात एक जागा येते, की शहाणा माणूस विद्वानाला, गाईला, हत्तीला, कुत्र्याला एकाच नजरेनं बघतो. दाखलेराव हत्तीवरून थेट पुढच्या वाक्यावर गेले. हेडमास्तरांनी डोळे मिटलेलेच होते. ते म्हणाले, "एक प्राणी राहिला."

दाखलेरावांनी परत मागे जाऊन तो प्राणी वाचला. सुभेदारानं शेपटी जमिनीवर दोनदा आपटली.

सातव्या दिवशी सकाळी फाटक उघडताना त्यांना दारावर चिकटवलेला कागद दिसला. पालिकेची मोहोर त्यांना वीस पावलांवरून ओळखू येई. आत हेडमास्तर म्हणाले, मघाशी कुणीतरी येऊन दारावर काहीतरी डकवून गेलं, मुलगी तोवर निघून गेली होती, तेवढं वाच बरं आधी.

दाखलेरावांनी कागद सोडवून आणला आणि वाचला. सदर श्वान पिसाळलेला असल्याच्या संशयावरून त्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवण्यात येत आहे. विभागाचा लेखी आदेश येईपर्यंत त्याला घराबाहेर कुठेही हलवू नये. हलवल्यास किंवा लक्षणं आढळल्यास तो ताब्यात घेण्यात येईल. एका जबाबदार व्यक्तीनं सोबतचं निरीक्षणपत्रक रोज भरावं. आणि मग सर्वांत खाली, बारीक अक्षरात, शेवटची ओळ होती: 'अर्जदार, मुख्य लिपिक, जन्ममृत्यू नोंदणी विभाग, यांचं नाव कटाक्षानं गुप्त ठेवावं.'

ती ओळ दाखलेरावांनी वाचली नाही. कागदाची घडी घातली.

हेडमास्तरांचा हात खुर्चीखाली गेला आणि सुभेदाराचं डोकं सापडल्यावर तिथेच राहिला. नजर जायला लागल्यापासून रात्री न्हाणीघरापर्यंत तेच जनावर त्यांना नेत होतं, हे दाखलेरावांना तेव्हा कळलं. शेवटी हेडमास्तर म्हणाले, की रोज येणारी जबाबदार व्यक्ती म्हणजे तूच, तेव्हा पत्रकही तूच भर.

म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर म्हणत निघालेल्या माणसाच्या हाती कुत्र्याचं हजेरीपत्रक आलं. लाळ गळते का, हे पाहायला तोंडाजवळ वाकायचं. पाण्याला घाबरतो का, हे पाहायला वाडगं पुढे सरकवायचं. शिवाय: अन्नावर वासना आहे का, अकारण दचकतो का, कोपऱ्यात बसतो का, आवाज बदलला आहे का. सुभेदार पाणी लपालपा प्यायचा, खायचा, खुशाल झोपायचा. पत्रकातली बहुतेक लक्षणं होती ती दाखलेरावांना. त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, खिडकीवर कुणी शिक्का आपटला तरी ते दचकत, आणि घरी बायको म्हणाली की हल्ली तुम्ही भिंतीकडे तोंड करून काय बसता?

खरी धास्ती होती संध्याकाळची. मुलगी घरी येणार, कागद वाचणार, खालची ओळ वाचणार. आठव्या दिवशी ते फाटकाशी पोचले ते आता आपल्याला हाकलून देणार अशा तयारीनं. कुणी काही बोललं नाही. नवव्या दिवशीही नाही. दहाव्या दिवशी मुलगी फाटकातच भेटली, कामावर उशिरा निघाली होती. "भाऊ, तुमच्यासाठी चहा झाकून ठेवलाय," म्हणाली आणि गेली. दाखलेरावांना तो चहा काही पिववेना. तिनं वाचलं नसेल? वाचून विसरली असेल? की तपास चालू असेल? ते कार्यालयात बसून दाराकडे बघत राहायचे. त्या आठवड्यात त्यांनी एका बाळाच्या जन्माची नोंद मृत्यूच्या वहीत केली आणि बाळाच्या आजीकडून जे ऐकून घ्यावं लागलं ते ग्रंथात कुठे नाही.

अकराव्या अध्यायाला तर कहर झाला. त्यात सारथी आपलं विराट रूप दाखवतो. आग ओकणारी तोंडं, विक्राळ दाढा, आणि त्या दाढांत अडकलेली माणसं. योद्धा थरथर कापत हात जोडतो आणि विनवतो, की हे नको, मला तुझं आधीचं साधं रूप दाखव. दाखलेराव दाढांच्या ओळीवर आले आणि नेमकी त्याच वेळी सुभेदारानं जांभई दिली. लाल जबडा, वरचे सुळे, खालचे सुळे, आत काळोख, आणि तेही पोटरीपासून वीतभर. दाखलेरावांनी पाय वर घेतले. उरलेला अध्याय त्यांनी खुर्चीवर मांडी घालून, दोन्ही हातांनी पोथी कवटाळून वाचला. योद्ध्याची विनवणी मात्र त्या दिवशी अशी मनापासून वाचली गेली, की हेडमास्तरांनी ती परत एकदा वाचायला लावली.

असे दिवस सरत सरत सोळावा उजाडला. सोळाव्या अध्यायात चांगल्या माणसाच्या गुणांची यादी आहे. मोठी यादी आहे, पण तिचा अगदी पहिला शब्द आहे 'अभय'. दाखलेरावांनी तो शब्द वाचला आणि पुढे जाता येईना. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. मग पोथी मिटून मांडीवर ठेवली.

"सर, तो अर्ज मी केला होता," ते म्हणाले.

हेडमास्तर म्हणाले, "माहीत आहे. मुलीनं त्याच संध्याकाळी वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीसकट."

नऊ दिवस. नऊ दिवस हे दोघं त्यांना चहा ठेवत होते.

"तेव्हाच काढून टाकायचं होतं मला."

"मुलगी तेच म्हणाली. मी म्हटलं, बघू तरी उद्या येतो का. आलास. परवा आलास. सुभेदारानं जांभई दिली त्या दिवशी खुर्ची कुरकुरली, पाय वर घेतलेस हे कळलं मला, तरी बारावा वाचायला आलास." हेडमास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. उजेडाची बाजू त्यांना अजून कळत होती. "अरे, मला त्या ऑपरेशनची भयंकर भीती वाटते. मुलीला सांगू शकत नाही. चाळीस वर्षं पोरांना 'घाबरू नका' म्हणून सांगत आलो, आता कुणाला सांगू? पहिल्या दिवशी तुझा आवाज कापला, तेव्हा वाटलं, चला, सोबत आहे. धीट माणूस वाचायला आला असता, तर पोथी ऐकून मी आणखीच एकटा पडलो असतो."

दाखलेरावांना खूप काही बोलायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकही दाखला आठवेना. हेडमास्तर म्हणाले, पुढे वाच, यादी अजून बरीच आहे.

सतराव्या दिवशी, वाचन होताच, ते श्वान विभागात गेले आणि संशय मागे घेतो म्हणाले. कारकुनानं सांगितलं, की संशय घेता येतो, मागे घेता येत नाही. तशी सोयच नाही. निरीक्षण बंद करण्याचा आदेश पशुवैद्यांच्या तपासणीनंतर निघतो, आणि पशुवैद्य प्रशिक्षणाला गेलेत, पुढच्या आठवड्यात येतील. तोवर कुत्रा घरातून हलता कामा नये. दाखलेरावांनी साहेबांची भेट मागितली. साहेब रजेवरून आले होते, पण फाईल वाचण्यासाठी त्यांना अर्जदाराची लेखी विनंती हवी होती, आणि अर्जदाराचं नाव गुप्त असल्यामुळे त्याला भेटता येत नव्हतं. हे साहेबांनी दाखलेरावांना समोर बसवून, तोंडाकडे बघत समजावलं. खाली येऊन दाखलेरावांनी आपल्या खिडकीवरच्या रांगेकडे पाहिलं, आणि त्या दिवशी जेवणाची सुट्टी न घेता ती सगळी संपवली.

अठराव्या दिवशी सुट्टी घेऊन मुलगीही वाचन ऐकायला बसली होती. शेवटच्या अध्यायात सारथी सगळं सांगून झाल्यावर म्हणतो, मला जे सांगायचं ते सांगितलं, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. इतकी वर्षं दाखलेरावांना ही ओळ अधलीमधली, भरतीची वाटत आली होती. एवढं सगळं ज्ञान देऊन शेवटी तुझं तू बघ? आज वाचताना ते तिथे थोडे थांबले. मग संपवलं. हेडमास्तरांनी हात जोडले.

मग मुलीनं अडचण काढली. उद्या पहाटे निघायचं. सुभेदाराला एका मैत्रिणीकडे ठेवायचं ठरलं होतं, पण आता आदेशाशिवाय हलवता येत नाही. कोंडून ठेवला तर तो दारावर डोकं आपटून घेतो, एकदा रक्त काढलं होतं. बांधला तर रडून गल्ली डोक्यावर घेतो, आणि कुणी पालिकेत कळवलं तर मग गेलाच तो. ती दाखलेरावांकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या पोस्टमनना विचारू का, म्हणाली.

"मी बसतो," असं कुणीतरी म्हणालं. दाखलेरावांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

रजेच्या अर्जात कारण काय लिहावं, यावर त्यांचा अर्धा तास गेला. शेवटी 'कौटुंबिक' लिहिलं. बायकोनं त्यांना निघताना जुनी जाड विजार दिली आणि ही मात्र फाटली तरी चालेल म्हणाली. मग हेडमास्तरांच्या फाटकापर्यंत सोबत आली, जे ती कधी करत नसे.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि दाखलेरावांनी दार आतून लावलं. घरात आता दोघंच. ते हेडमास्तरांच्या समोरच्या नेहमीच्या खुर्चीत, पाय सावरून बसले. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावला होता. मुलगी फोन करणार होती. तो आधीच जवळ आणून ठेवायला हवा होता हे लक्षात आलं तेव्हा सुभेदार त्यांच्या आणि फोनच्या मध्ये उभा होता.

सुभेदार त्यांच्याकडे बघत नव्हता. तो पलंगाशी गेला, उशी हुंगली. न्हाणीघराच्या दाराशी गेला, थांबला, जणू कुणाला वाट करून देतोय. स्वयंपाकघरात गेला. परत पलंगाशी आला. अशा त्यानं किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. दाखलेराव प्रत्येक फेरीला पाय उचलत आणि ठेवत. आठ वाजले, नऊ वाजले. दहाच्या सुमारास सुभेदार बाहेरच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि फटीला नाक लावलं. आणि मग दाखलेरावांना दिसलं, की त्याचे मागचे पाय कापतायत. पाठीवरचे केस उभे राहिले होते. वाडग्यातलं पाणी सकाळपासून तसंच होतं. कुणीतरी फाटकाजवळून गेलं तेवढ्यानं तो दचकला.

निरीक्षणपत्रक टेबलावरच होतं. दाखलेरावांनी ते उचललं, लक्षणांच्या रकान्यांकडे पाहिलं, आणि काहीही न लिहिता पालथं घातलं.

अकराच्या सुमारास सुभेदार दार सोडून आला आणि दाखलेरावांच्या दोन्ही पावलांवर अंग टाकून बसला. चांगला मणभर वजनाचा. त्याची थरथर पावलांतून गुडघ्यांपर्यंत चढायला लागली. त्यांची स्वतःची आधीपासून होतीच, तेव्हा कुठली कुणाची हे कळेना. घाम मानेवरून ओघळत होता. पाय काढून घ्यावेत तर हा उठेल. उठला तर काय करेल? न काढावेत तर पायाला मुंग्या येत होत्या. अर्धा तास ते श्वास मोजत बसले.

आणि साडेअकराला आतल्या खोलीत फोन वाजला.

सुभेदारानं डोकं वर केलं. फोन वाजत राहिला. दाखलेरावांना एकच कळत होतं, की पलीकडे जी बातमी आहे ती हा फोन थांबला तरी बदलणार नाही, पण तिथे हातात फोन धरून उभी असलेली मुलगी एकटी आहे. त्यांनी एक पाय ओढला. मग दुसरा. उभे राहिले. सुभेदारही उभा राहिला, त्यांच्या मांडीला अंग घासून. दोघं तसेच आतल्या खोलीत गेले. ओलं नाक हाताला लागलं तेव्हा दाखलेरावांनी डोळे मिटून घेतले, पण हात काढला नाही, कारण त्याच हातानं फोन उचलायचा होता.

मुलगी म्हणाली, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, त्यांच्याकडून होतं ते केलंय. दिसेल की नाही, ते आठव्या दिवशी पट्टी काढल्यावर. त्याआधी कुणी काही सांगू शकत नाही. मग म्हणाली, बाबांना बोलायचंय.

हेडमास्तरांचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला.

"सुभेदार काय करतोय?"

"कापतोय, सर."

"आणि तू?"

दाखलेरावांनी खाली पाहिलं. "मीही."

"मग बसा दोघं," हेडमास्तर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत येतो आम्ही."

फोन ठेवून दाखलेराव बाहेरच्या खोलीत आले. सुभेदार खुर्चीसमोर फरशीवर बसला आणि त्यांची वाट बघत राहिला. दाखलेराव खुर्चीत बसले, हात पुढे केला, तो पोचला नाही. मग ते उठले आणि त्याच्या शेजारी खाली बसले.